नवस न बोललेली वॉरलॉक

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वर्गातल्या मैत्रिणीने मला रविवारी घरी खेळायला बोलावलं. खेळ असा : चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट बोलत बोलत पुढे नेतात. प्रत्येकाचं त्यात एक पात्र असतं, अडलं की फासा टाकायचा. गोष्ट चालवत होती तिची चुलत बहीण. तिला सगळे ताई म्हणत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. असं बोलावणं मला नवीन होतं, आणि ते पुन्हा येईल की नाही हे त्या दुपारवरच ठरणार, असं मला वाटत होतं.

मी हाफ-एल्फ निवडली. अर्धी माणूस, अर्धी रानातल्या लांब कानांच्या लोकांपैकी. त्यात वॉरलॉक, म्हणजे जादू करणारी. तलवारीचं मला जमलं नसतं.

ताईने विचारलं, "हिला जादू दिली कोणी? वॉरलॉकचा कुठल्यातरी मोठ्या शक्तीशी करार असतो."

"सोपंय," मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, "नवस बोलल्यासारखं."

आम्ही बौद्ध, घरात कोणी नवस बोलत नाही. माझे वडील अंबडला कारखान्यात आहेत. आजारपणातसुद्धा ते कोणाकडून दोरा बांधून घेत नाहीत.

"नवस नको," मी म्हणाले.

"अगं, खोटं खोटं आहे!" मैत्रीण म्हणाली.

"खोट्यातही नको." आवाज बारीक निघाला.

"मग जादू कशी येणार, ताई? हिला स्वयंपाकीण कर," भाऊ म्हणाला.

सगळे हसले. मीही थोडी हसले. उठून जावं का, हे ठरेना. मग सुचेल तसं बोलत गेले. आईच्या माहेराजवळ, इगतपुरीकडे, धरण आहे. तसं एक धरण असेल. त्याच्या तळाशी एक म्हातारी शक्ती असेल. पाणी भरल्यापासून तिला वरचं काही कळत नाही. खेळातली माझी बाई दर महिन्याला काठावर जाऊन तिला बातम्या सांगेल, बदल्यात ती जादू देईल.

"ही वॉरलॉक आहे की वार्ताहर?" भाऊ म्हणाला.

ताई हसली नाही. तिने लगेच धरणातल्या त्या म्हातारीसारखा आवाज जाड केला. "मुली, आधी गुडघे टेक."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती खेळातलं बोलत होती की मला तपासत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

"ती उभीच राहते," मी म्हणाले.

"जादू गेली तर?" ताईने विचारलं.

"तर गेली."

ताई त्याच जाड आवाजात म्हणाली, "बरं. काठावर यंदा भात कोणी लावला?"

मी सांगायला लागले. भावाने टेबलावरची चिवड्याची बशी बाजूला सारून फासा माझ्यापुढे ठेवला.