मामंजींचा लाडका सिनेमा

सिनेमा बघावा तर आमच्या मामंजींनी. बाकीचं आदिलाबाद नुसतं सिनेमाच्या तंबूत जाऊन बसायचं. निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे कारकून, असलेले हे माझे चुलत सासरे. खेळाला जायच्या आधी अंघोळ करायचे, शेरवानीच्या साऱ्या गुंड्या लावायचे, आणि वाटेत कुणी हटकलं तर नुसती मान हलवायचे. पडद्यावर मारामारी सुरू झाली की हे पान खायला बाहेर. नायिका खिडकीशी गप्प उभी राहिली की श्वास रोखून आत. त्यातही त्यांचा लाडका सिनेमा एकच. एका मास्तराच्या बायकोचं मन दुसरीकडे जडतं, मास्तराला सगळं कळतं, आणि तो शेवटपर्यंत चकार शब्द काढत नाही. एका संध्याकाळी उशिरा परतलेल्या बायकोपुढे तो झाकून ठेवलेलं ताट सरकवतो. बस्स! एवढ्या ताटावर मामंजी तासभर बोलायचे. भीमपूरचा एक कास्तकार जमिनीच्या कामासाठी कचेरीत आला, तर त्याला दुपारभर ते ताटच ऐकवलं. बिचारा डोळे पुसत घरी गेला, आणि काम राहिलं ते राहिलंच.

आता हसू येतं खरं, पण घरात या सिनेमाचं नाव निघालं की आम्ही सुना माना खाली घालायचो. नेमणूक गुडीहत्नूरला असताना मामंजींचं तिथल्या एका बाईकडे येणं-जाणं होतं. ते केव्हाच संपलं होतं, पण त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या आत्याबाई, तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलायच्या. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर चहा, वेळेवर जेवण. आणि या भल्या माणसाला माफी मागायची होती! तोंडातून ती निघेना, म्हणून त्यांनी ठरवलं की आत्याबाईंना हा सिनेमा दाखवायचा. माफी मागायची म्हणून बायकोला तंबूत नेणारा दुसरा नवरा मी पाहिला नाही. आत्याबाईंच्या सोबतीला मला घेतलं.

तंबूत बायकांची जागा वेगळी, मधे कापडी पडदा. अंधार झाला की तो बाजूला सारायचे, आणि रीळ बदलायला दिवे लावले की पुन्हा ओढायचे. ताटाचा प्रसंग आला तसे पुरुष ओरडायला लागले, हाण तिला, काढ घराबाहेर. तेवढ्यात रीळ संपलं, दिवे लागले, आणि पडद्यापलीकडून मामंजींचा आवाज आला, "अदब राखा. मानूस आतून जळून राह्यला." आत्याबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

घरी येताना रीतीप्रमाणे मामंजी पुढे, आम्ही दोघी मागे. ओसरीपाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून, अगदी हळू, सिनेमा कसा वाटला म्हणून विचारलं. कामाशिवाय बायकोला काही विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. आत जावं की थांबावं मला कळेना, मी तिथंच घुटमळले.

"तो बोलला नाई म्हनून तुमाले लय आवडला," आत्याबाई म्हणाल्या. "घरात बी एक मानूस बोलत नोतं. त्याले काय होऊन राह्यलं, हे कदी इचारलं तुमी?"

मामंजी शेरवानीसकट पायरीवर बसले. पडद्यावरच्या नुसत्या नजरेचा अर्थ गावाला उलगडून सांगणारा माणूस, पण शेरवानीच्या गुंड्याच चाचपत राहिला. मला त्यांची फार दया आली, आणि आत्याबाईंची त्याहून जास्त.

"आता इचारलं तं चालन काय?" मामंजी म्हणाले.

आत्याबाईही पायरीवर टेकल्या, जरा अंतर ठेवून.

"इचारा. पन मंग पुरं आयका."

मी चुलीकडे गेले. भाकरी थापून झाल्या, भाजी निवून गेली, तरी बाहेर आत्याबाईंचं बोलणं चाललंच होतं. तो सिनेमा पुढे गावातून गेला, आणि मामंजींनी पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. आज दोघंही नाहीत. आत्याबाई त्या रात्री काय काय बोलल्या ते मी आतून ऐकलं, पण ते त्या दोघांचं होतं, मी कशाला सांगू? एवढंच सांगते, की त्यांचा आवाज शेवटपर्यंत कापला नाही. रडत होते ते मामंजी.