पावसाशी घासाघीस

समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा कधी खरा मानायचा नसतो, हे मी वयाच्या बाराव्या वर्षी आष्ट्याच्या बाजारात शिकलो. हवामानाचा अंदाज याला अपवाद आहे, हे शिकायला मला आणखी चाळीस वर्षं लागली.

आष्ट्यात माझं ताडपत्रीचं दुकान आहे. सुरुवात रस्त्याकडेला पोतं अंथरून केली, आज शटर आहे. (ते अर्ध्यावर अडकतं, पण आहे!) हे सगळं मी नुसत्या जिभेवर उभं केलंय. मी भाव सांगतो, गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, मी तापतो, गिऱ्हाईक पायरी उतरतं, मी हाक मारतो. जगातला प्रत्येक व्यवहार असाच होतो, अशी माझी पक्की समजूत होती.

यंदा महाराष्ट्र दिन शुक्रवारी आला. शनिवार-रविवार धरून तीन दिवसांची सुट्टी. त्यामुळे माझा मेहुणा बबनराव म्हसवडहून गुरुवारीच येऊन ठेपला. हा फौजेतून निवृत्त झालेला गडी. घरात पाऊल टाकलं की पाणी मागण्याआधी हवामान सांगतो.

"दाजी, शनवारी दुपारनंतर सातारा-सांगलीत वादळी वारं, गारा! साठ टक्के!" त्याने मोबाईल माझ्या नाकाला लावला.

"साठ?" मी म्हणालो. "तीस धर."

"धर म्हंजे? मी न्हाई ठरवत, दाजी!"

"आरं, सांगणारा साठ सांगतोय म्हंजे त्याला तीस परवडतंय. आनि मी थोडं ताणून धरलं तर पंधरावर यील."

यामागे माझं एक जुनं दुखणं होतं. गेल्या वर्षी याच सुट्टीत याच मोबाईलवर नव्वद टक्के पाऊस होता. मी महाबळेश्वरचा बेत मोडला, घरातलं सगळं झाकलं आणि तीन दिवस खिडकीत बसून निळंभोर आभाळ बघितलं. बबनराव मात्र महाबळेश्वरला गेला आणि दर तासाला स्ट्रॉबेरी खातानाचा फोटो पाठवत राहिला. स्ट्रॉबेरीचा! मलईसकट! तो राग मी वर्षभर लोणच्यासारखा मुरवला होता. ज्याने नव्वद सांगून एक थेंब दिला नाही, त्याचे साठ मी काय म्हणून पुरे मोजून घ्यायचे?

पण यंदा घरामागच्या अंगणात एकरभर रानातली हळद शिजवून वाळत घातली होती. वाळत आलेली हळद भिजली की काळवंडते, आणि काळ्या हळदीकडे सांगलीच्या बाजारात कोणी ढुंकून बघत नाही. हळद माझ्या बायकोची, मंगलची. रान तिच्या माहेरचं, कष्ट तिचे. माझा वाटा फक्त सल्ल्याचा. त्या हळदीवर लेकीचं नर्सिंगचं कॉलेज ठरलं होतं.

आता गंमत बघा. माझा अंदाजावर विश्वास नव्हता, पण गिऱ्हाइकांचा होता. शुक्रवारी सुट्टी असून दुकानापुढे ही गर्दी! ज्याची हळद, ज्याचा कांदा, ज्याच्या दारात मांडव, तो ताडपत्री मागत होता. मी रोल उलगडून कापत होतो आणि तासातासाला भाव चढवत होतो. शनिवारी सकाळी रोल संपत आले, तेव्हा मी घरी आलो आणि हळदीशेजारी घडी करून ठेवलेल्या आमच्या दोन्ही ताडपत्र्या उचलल्या.

मंगल आडवी आली. "ह्या कुटं निघाल्या?"

"दुकानात. आज सोन्याचा भाव हाय."

"आनि हळदीवर काय घालायचं? तुमचं धोतर?"

"पाऊस येत न्हाई, मंगल. मी सांगतोय."

"आवं, आभाळ तुमच्या दुकानाची पायरी चढून आलंय व्हय, घासाघीस करायला?"

मी तापलो. (मी तापलो की माझं खरं असतं, असा घरात नियम आहे. तो मीच केलाय.) ताडपत्र्या स्कूटरवर टाकल्या आणि निघालो. पाठीमागे बहीणभाऊ काहीतरी कुजबुजले, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

दुपारी एकपर्यंत घरच्या दोन्ही विकल्या गेल्या. रोलचं शेवटचं भेंडोळं उरलं होतं. तेवढ्यात एक अनोळखी माणूस आला. ताठ कणा, बारीक कापलेले केस.

"अठरा बाय चोवीसची पाहिजे. जाड."

मी भाव सांगितला. तो ऐकून माझ्याच कानाला चटका बसला.

"थोडं कमी करा की, आण्णा. बाईमाणसाची हळद हाय वो."

"मग बाईमाणसाला सांगा, भिजू दे! परवडत न्हाई तर पिकवावी कशाला?"

"तुमची न्हाई का हळद?"

"हाय की. उघडीच हाय. आमी भीत न्हाई!"

तो गालात हसला, पुरे पैसे मोजले आणि ताडपत्री खांद्यावर टाकून गेला. मी खुशीत शटर ओढलं. ते अर्ध्यावर अडकलं, म्हणून वाकून बाहेर आलो आणि वर बघितलं.

आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं.

स्कूटर मी कशी हाणली ते मला आठवत नाही. वाटेत धूळ, पाचोळा, कोणाच्या तरी मांडवाची झालर तोंडावर. डोक्यात एकच हिशेब: हळद गेली, लेकीचं कॉलेज गेलं, आणि हे मंगलला मी कुठल्या तोंडाने सांगायचं? आयुष्यात पहिल्यांदा मी पुरे साठ टक्के कबूल केले. वर पाच जास्त द्यायला तयार होतो!

अंगणात पोचलो आणि तिथेच थांबलो. हळदीची लांबलचक रास केलेली, तिच्यावर कोरी करकरीत ताडपत्री, कडेनं दगड. बबनराव दोर आवळत होता आणि दुसऱ्या टोकाला, ताठ कण्याचा तो मघाचा माणूस!

"दाजी, हे लोणंदचं आमच्या पलटनीतलं दोस्त," बबनराव ओरडला. "आज सकाळी तुमी दुकानात गेल्यावर आलं. तुमी वळकलं नसंल."

"म्हंजे ताडपत्री..."

"मी आणाय लावली," मंगल म्हणाली. "माझ्या भिशीच्या पैशातनं. तुमाला मागून बघितलीच हुती की. लय ताणलं म्हनं तुमी?"

हळद झाकलेली होती! मी तिथेच उकिडवा बसलो आणि इतकं हायसं वाटलं की अपमान वाटून घ्यायचंसुद्धा राहून गेलं.

तेवढ्यात मंगल ओरडली, "आवं, ह्या अंगाला उघडं ऱ्हायलंय! वीतभर पट्टी! अठरा-चोवीसची सांगितली हुती ना?"

गर्दीत माझी मोजपट्टी जरा सैल पडते, हे फक्त मला आणि मोजपट्टीला माहीत होतं.

"शिवणीत जातं थोडं," मी सवयीनं म्हणालो.

आणि पहिली गार डोक्यात बसली.

ताडपत्री ताणून बघितली, येईना. पोतं शोधायला वेळ नव्हता. मग मी तेच केलं, जे कुठल्याही अनुभवी व्यापाऱ्याने केलं असतं. कमी पडलेल्या मापावर स्वतः आडवा झालो.

अर्धा तास गारा झेलल्या. एकेक लिंबाएवढी! (बरं, आवळ्याएवढी.) ओसरीतून बबनराव हुकूम सोडत होता, "दाजी, हालू नका! डाव्या ढोपरापाशी दोन कांड्या दिसत्यात! दाबा!" मी दाबल्या. पाऊस थांबला तेव्हा मी छातीपासून ढोपरापर्यंत पिवळाधमक झालो होतो आणि माझ्याखालची मूठभर सोडली तर सगळी हळद कोरडी ठणठणीत होती. मंगलने रास चाचपून बघितली आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले. माझे झोंबले.

रात्री पाठ शेकून घेऊन पाटावर बसलो. भूक सपाटून लागली होती. मंगलने ताटात भाकरी वाढली. रोजच्यापेक्षा चांगली चार बोटं लहान.

"आज भाकरी एवढीच?"

तिने तव्यावरची नजर काढली नाही.

"शिवणीत गेली," म्हणाली.

तीस वर्षं दुकान चालवतोय, पण मी गुपचूप खाल्ली. भाव केला नाही.