कातड्यावरचा नंदी

नातवाने नवंकोरं चामड्याचं जाकीट माझ्या मांडीवर टाकलं आणि सोबत भरतकामाचा एक वाघ दिला. "आजी, पाठीवर शिवून दे." जाकिटाचा तो वास आला आणि मी मनाने औशाच्या सासरच्या ओसरीवर जाऊन बसले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. हे मोटार चालवायचे, महिना महिना घरी नसायचे. लग्नाला वर्ष झालं तरी आमचं चार शब्दांपुढे बोलणं गेलं नव्हतं. एकदा त्यांनी चामड्याचा कोट तेल लावायला दिला. आम्ही लिंगायत, कातडं घरात चालत नसे, म्हणून मी बाहेर एकटीच बसले. माहेरी शिकले होते तसा कापडावर रेशमाचा नंदी भरला, कडेने कापला, चिंचोक्याच्या खळीने कोटाच्या छातीवर चिकटवला. मग आरीने भोकं पाडत मेण लावलेल्या दोऱ्याने शिवला. तोंडाने सांगता येत नव्हतं ते सगळं त्यात होतं.

सासूबाई दारात आल्या. "अगं, मेलेल्या बैलाच्या कातड्यावर नंदी बसवलास व्हय? काढ आधी."

मला ते सुचलंच नव्हतं. मी टाके उसवले. कापडाची भोकं बुजतात, कातड्याची बुजत नाहीत. छातीवर नुसत्या भोकांचा नंदी राहिला.

सकाळी हे तोच कोट घालून गेले. पुढं कितीतरी वर्षं घातला. ही भोकं कशाची, असं त्यांनी कधीच विचारलं नाही.