लोलोंच्या दारातला कंदील

आमचा गणपती अमेरिकेत पोचतो का, याबद्दल मला पहिली काही वर्षं खरंच शंका होती. पूजा रोज करायची, पण मनात यायचं, हा आपला नाशिकचा देव, इथल्या बर्फात त्याला कोण ओळखतं? नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा गेल्यावर आईला मी शिकागोला आणलं होतं. तिला विसरायला होऊ लागलं होतं. सकाळी मला लाडाने हाक मारायची आणि दुपारी विचारायची, "बाई, तू कुणाची गं?"

दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघी डेव्हन ॲव्हेन्यूवर फराळाचं सामान आणायला गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पातळ पोह्यांची पिशवी घ्यायला मी वाकले, वर पाहते तो आई नाही! शेजारच्या साड्यांच्या दुकानात नाही, बसस्टॉपवर नाही. बाहेर अंधारून आलेलं, बर्फ भुरभुरायला लागलेला, तिच्या अंगावर नुसता स्वेटर आणि पायात चपला. इंग्रजीचा गंध नाही, घरचा पत्ता ठाऊक नाही. दुकानदाराने पोलिसांना फोन लावला, पण मला एका जागी उभं राहवेना. गल्ल्यांमधून धावत सुटले. धावता धावता गणपतीशी चक्क भांडले, "तुझं इथे काही चालत असेल तर आज दाखव, नाहीतर मोदक बंद!" मग भांडायचंही बळ संपलं. एका कोपऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "मला नाही रे जमत. आता तूच बघ."

मान वर केली आणि समोरच्या गल्लीत, एका घराच्या पोर्चवर, आकाशकंदील! बांबूच्या कामट्यांची चांदणी, लाल-पिवळा कागद, खाली दोन झिरमिळ्या, आत दिवा. थेट आमच्या नाशिकच्या दारातला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दिवाळीत कंदील दिसला की आई दुसऱ्या कुठल्या घरात जाणार? मी पळतच पायऱ्या चढले.

एका ठेंगण्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "यू आर द डॉटर? कम, कम! युअर मदर इज ईटिंग."

आई टेबलाशी बसून वाफाळता भात खात होती, खांद्यावर कुणाची तरी शाल. मला बघून म्हणाली, "अगं, किती उशीर! हा बघ, आत्ता कुठे कामावरून आलाय बिचारा." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, हसले, पुन्हा रडले.

ते घर फिलिपिनो होतं. नातवंडं त्यांना लोलो म्हणायची, म्हणजे आजोबा. आम्ही पुढे त्यांना लोलोकाका केलं. तो कंदील दिवाळीचा नव्हताच. त्यांच्याकडे नाताळची चांदणी सप्टेंबरातच दारात लागते! लोलोकाका सकाळी पार्किंगच्या बूथमध्ये बसत आणि दुपारपासून रात्रीपर्यंत हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धूत. अशा दोन-दोन नोकऱ्या करून त्यांनी मुलं शिकवली, भावंडं इकडे आणली. दिवेलागणीला ते घरी कधी नसतच. त्या दिवशी लाँड्रीचा बॉयलर बंद पडला, सगळ्यांना परत पाठवलं. घरी येऊन त्यांनी चांदणीतला गेलेला बल्ब बदलला, बटण दाबलं, आणि पायरीवर आई उभी. याचा अर्थ कुणी काय लावायचा तो लावो. मी घरी जाऊन गणपतीची माफी मागितली आणि दुप्पट मोदक केले.

मग आमचं जाणं-येणं सुरू झालं. त्यांच्याकडे लहानांनी मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावायची पद्धत आहे. नातवंडं ओळीने आईचा हात कपाळाला लावायची आणि आई खूश होऊन म्हणायची, "मोठे व्हा!" माझ्या नावाला ती अडखळायची, पण त्या घराची वाट तिला बरोबर माहीत होती.

दशक सरता सरता लोलोकाका गेले. चर्चच्या हॉलमध्ये समोर उघडी शवपेटी, आणि तरी एवढं खाणंपिणं, एवढी हसणारी माणसं, की दुःख करायला आलेली मी गोंधळूनच गेले. त्यांची मुलगी माइकवर बोलायला उभी राहिली. म्हणाली, डॅड इथे नोकरीला नवे होते तेव्हा तिकडे मायदेशी त्यांची आई गेली. रजा मिळाली नाही. तिचा हात शेवटचा कपाळाला लावायचा राहिला, हे त्यांना जन्मभर डाचत होतं. "दॅट ईव्हनिंग ही स्विच्ड ऑन द स्टार," ती म्हणाली, "अँड अ मदर वॉज देअर." डॅडनी सवयीने त्या बाईंचा हात कपाळाला लावला. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. शब्द कळला नाही, पण डॅड म्हणायचे, आपलीच आई बोलली. त्यांनी लगेच भात टाकला.

मी ताडकन उभीच राहिले! इतकी वर्षं मी समजत होते, देवाने माझी हाक ऐकली. माझ्या कितीतरी आधीपासून तिथे दुसरं कुणी हाक मारत होतं, आणि देवाने दोघांचं एकाच दिव्यात भागवलं.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली आई उठली. मी धरायच्या आत शवपेटीपाशी पोचली. लोलोकाकांच्या केसांवरून हात फिरवत तिने विचारलं, "आलास का रे कामावरून? जेवलास?"

तेव्हापासून आमचाही कंदील सप्टेंबरात लागतो. कोण यायचंय, कशासाठी यायचंय, ते मी बघत नाही. मी फक्त बल्ब बदलते आणि थोडा भात जास्त लावते.