निम्म्या वाफ्यातला कांदा

विंचूरच्या बाजारात चाळीस वर्षं कांदा घातलेल्या माणसाला विलायतेत जाऊन कांद्यानंच खाली बघायला लावलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आमच्या मंडळींनी ती सगळ्या गावाला सांगून टाकली आहे, पण ती तिच्या पद्धतीनं सांगते. म्हणून आता मीच लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा माझ्या अक्षराला कुणी नावं ठेवू नयेत.

मुलगा आधी नाशकात सातपूरच्या कारखान्यात फिटर होता. तिथून तो इंग्लंडातल्या एका कारखान्याच्या गावी गेला. दोन हजार साल उलटल्यानंतरची ही गोष्ट. त्याला मुलगी झाली आणि त्यानं आम्हा दोघांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. शिमगा झाला आणि आम्ही निघालो. सदऱ्याच्या आतल्या खिशात मी घरच्या उन्हाळ कांद्याच्या बियांची पुडी ठेवली. मंडळींनी ती पाहिली.

"नात बघायला चाल्ला का शेत करायला?"

"पात खायला लागंल ना तुला. तिथं कोन देनार हाय?"

गाव कपबशांचं. पूर्वी सगळ्या मुलखाला तिथून कपबशा जायच्या, आता बहुतेक भट्ट्या बंद पडलेल्या. मुलाची गल्ली म्हणजे लाल विटांच्या घरांच्या समोरासमोर दोन रांगा. एका घराची भिंत तीच दुसऱ्या घराची. दार उघडलं की पाय थेट रस्त्यावर. ओटा नाही म्हणून मंडळी पहिल्या दिवसापासून नाराज. "मानसानं टेकायचं कुठं?" म्हणायची. मला मात्र ती गल्ली आवडली. लहान लोकांची वस्ती, पण प्रत्येक उंबरा घासलेला. कचऱ्याचे डबे ठरल्या वारी रांगेत उभे, जणू शाळेची प्रार्थना चालली आहे. वाट अडली तर हॉर्न नाही, हात वर करून थांबतात. पहिल्या आठवड्यात एका पहाटे रस्त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. मी दार उघडलं तर आमच्या दारापुढं आधीच कुणीतरी मीठ पसरून ठेवलं होतं, आम्ही घसरू नये म्हणून. सगळ्या गल्लीत नाही, आमच्या आणि पलीकडच्या एका म्हातारीच्या दारापुढं.

"हे कुनी केलं?" मी सुनेला विचारलं.

"शेजारचे आजोबा, नाना. नवीन कोणी आलं की ते करतात."

शेजारी माझ्याच वयाचा. बायको वारलेली. चाळीस वर्षं भट्टीवर काम केलेलं, मनगटापर्यंत भाजल्याच्या खुणा. डोक्यावर कायम पुढं झुकलेली चपटी लोकरी टोपी. त्या गावात माणूस माणसाला लाडानं बदक म्हणतो. मी आभार मानायला गेलो तर तो मलाही तसंच काहीतरी म्हणाला, आणि सुनेनं अर्थ सांगितल्यावर मंडळी पदर तोंडाला लावून हसत बसली.

"चाळीस वर्सं मला जे बोलाया जमलं न्हाई ते ह्यो एका दिवसात बोलला!"

त्याला कळलं की मी शेतकरी आहे. दुसऱ्याच दिवशी तो मला आणि सुनेला त्याच्या रानात घेऊन गेला. बाबागाडीत नात. रान म्हणजे काय, तर ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांच्यासाठी पालिकेनं गावाच्या कडेला पाडून दिलेले तुकडे. बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्टीमागं एक फाटक, आत आमच्या खळ्याएवढा एकेक तुकडा. मला हसू आलं. पण खाली वाकून माती हातात घेतली आणि हसू गेलं. कोळशाची राख आणि शेणखत घालून घालून लोण्यासारखी केलेली माती. असं मातीवर केलेलं काम मी आमच्याकडे फार थोड्या बांधांवर पाहिलं आहे.

त्याच्या काचेच्या खोपटात कांद्याची रोपं होती. एकेक रोप एकेका कुंडीत, करंगळीएवढं जाड, नाताळातच पेरलेलं. त्यानं गेल्या सालचा फोटो दाखवला. फोटोत त्याच्या मांडीवर कांदा, लेकरासारखा धरलेला. कलिंगडाएवढा! दर ऑगस्टात तिथं कांद्यांचं प्रदर्शन भरतं आणि सगळ्यांत वजनदार कांद्याला कप मिळतो.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही.

"त्याला सांग," मी सुनेला म्हणालो, "ह्यो कांदा न्हाई, पान्यानं फुगवलेली पिशवी हाय. मला निम्मा वाफा दे म्हनावं. माझा कांदा मुठीएवढा निघंल, लालबुंद, टनक. ह्याचा कांदा दिवाळीलाच सडंल, माझा संक्रांतीपतुर कांद्याच्या चाळीत टिकंल. आन् एक जरी मुठीपरीस ल्हान निघाला, तर डोक्यावरची ही पांढरी गांधी टोपी काढून ह्याच्या हातात देईन."

सून त्याच्याशी बोलली. तो माझ्याकडे बघून हसला, मान हलवली आणि फावड्यानं वाफ्याच्या मधोमध रेघ ओढली. अनोळखी माणसाला अर्धा वाफा! आमच्याकडे हातभर बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. पण फुकट मी कुणाचं घेत नाही. पिकलं तर निम्मं त्याचं, असं मी ठरवून टाकलं. तेही सुनेनं सांगितलं आणि आम्ही हात मिळवले.

घरात खिडकीशी रोप केलं, बोटभर झाल्यावर वाफ्यात लावलं. रोज चालत जायचो. तो त्याच्या बाजूला, मी माझ्या. बोलायला भाषा नव्हती, कामाला लागत नव्हती. मी खुरपं मागायचो, तो द्यायचा. तो दुपारी बाटलीतला चहा काढायचा, बादली पालथी घालून मला बसायला द्यायचा आणि स्वतः दगडावर बसायचा. आजूबाजूच्या तुकड्यांवरची माणसं येऊन माझ्या सऱ्या बघून जायची. मी मान ताठ ठेवून काम करायचो.

जून लागला आणि माझ्या कांद्यांनी माना टाकल्या.

ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो. कांदा तयार झाला की पातीची मान मोडते, पात आडवी पडते. म्हणजे काढणी आली. पण माझं रोप लावून जेमतेम सहा आठवडे झाले होते. मी एक उपटला. लिंबाएवढा. दुसरा उपटला. तो बोराएवढा. शेजाऱ्याच्या बाजूला त्याचे कांदे गुडघ्याएवढी पात उभारून नुकते कुठं फुगायला लागले होते.

दोन दिवस मी गेलो नाही. बी जुनं असंल, माती मानवली नसंल, काहीबाही मनाशी बोलत राहिलो. मंडळींनी ओळखलं.

"काय वो, चाळ बांधायला घ्यायची का आता?"

तिसऱ्या दिवशी तोच दारात आला आणि मला आणि सुनेला रानात घेऊन गेला. माझा एक कांदा उपटून त्यानं पँटीला पुसला, सूर्याकडे बघितलं, मग घड्याळाच्या काचेवर बोट गोल फिरवत सुनेशी बराच वेळ बोलला.

"नाना, ते विचारतात, तुमच्याकडे दिवस केवढा असतो?"

"केवढा म्हंजे? दिवसाएवढा!"

"किती तास? कांदा लावता तेव्हा."

पौषात अकरा तास धरा. इथं पहाटे चारला उजाडायचं आणि रात्री दहालाही मंडळी पडदे ओढूनच झोपायची. तो म्हणाला, कांदा पाण्याकडे बघत नाही, खताकडे बघत नाही, उजेड मोजतो. तुमच्या बियाला अकरा-बारा तासांची सवय. इथला सतरा तासांचा दिवस बघून त्याला वाटलं उन्हाळा सरत आला, आणि जेवढा होता तेवढ्यातच त्यानं आवरून घेतलं.

चाळीस वर्षं कांदा केला, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुठं कळणार, माझा दिवस कधी बदललाच नव्हता. आणि हे सांगणारा माणूस भट्टीवर कपबशा भाजणारा. त्याच्या चेहऱ्यावर हसण्याची रेघसुद्धा नव्हती.

मी सगळे कांदे काढले आणि दोन सारखे ढीग केले. त्याचा ढीग टोपलीत घालून त्याच्यापुढं ठेवला. मग सुनेला म्हणालो, "आता त्याला टोपीचं सांग. म्हनावं, बोल्लो व्हतो त्याप्रमानं घे."

ती खाली बघायला लागली.

"नाना, मी ते त्यांना सांगितलंच नव्हतं."

"मंग काय सांगितलं व्हतं?"

"तुमचे कांदे फार छान आहेत आणि तुम्हाला वाफा मिळाला तर आनंद होईल, एवढंच."

मंडळी असती तर म्हणाली असती, सुटलात, आता गप घरी चला. पण मी बोललो होतो, त्याला कळो न कळो. पोरीला म्हणालो, "आता सांग. पिशवीपासून सांग. येक शब्द गाळायचा न्हाई."

तिनं सांगितलं, बिचारीचे कान लाल झाले होते. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी टोपी काढून पुढं केली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, नीट घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. परत केली असती तर मला राग आला असता. त्यानं केली नाही, म्हणून तो मला पटला. मग त्यानं टोपलीतला एक बारका कांदा सोलला, अख्खा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, तोंड लालभडक झालं. खोकत खोकत काहीतरी म्हणाला.

"काय म्हनला?"

"म्हणाले, भट्टी परवडली."

ऑगस्टातल्या प्रदर्शनात त्याच्या कांद्याला दुसरा नंबर मिळाला. आम्ही निघालो त्या दिवशी त्यानं माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. त्याच्या कांद्याचं बी. आणि सुनेला सगळं शब्दन् शब्द सांगायला लावलं, की नाशकात पेरा, तुमच्या चाळीत मावणार नाही एवढा येईल, आणि मुठीपेक्षा लहान निघाला तर माझी टोपी तुमची.

इकडे आल्यावर मी ते बी वेगळ्या वाफ्यात टाकलं, जिवापाड जपलं. म्हटलं, माणसाचा शब्द आहे, माझ्याकडून कमी पडायला नको. मार्चात माझ्या कांद्याच्या माना पडल्या. त्याचा मात्र हिरवागार, ताठ उभा. खाली गड्डाच नाही, नुसती जाड मान. एप्रिल आला तरी तेच. शेवटी मंडळींनी पातीची भाजी केली.

मी सुनेला फोन लावला. "त्याला सांग, गड्डा धरलाच न्हाई. फकस्त पात आली. टोपीबिपी काय नको म्हनावं."

पलीकडे ती हसायला लागली.

"नाना, त्यांची ती लोकरी टोपी आमच्या घरातच आहे. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात ते ती धुऊन, झटकून देऊन गेले होते. म्हणाले, तिथल्या लहान दिवसात गड्डा धरायचाच नाही, कांद्याचा फोन आला की पाठवून दे."

महिनाभरानं टोपी पोस्टानं आली. थंडीत पहाटे पाणी धरायला जाताना मी ती घालतो. कानावर चांगली बसते. मंडळी म्हणते, साहेब दिसता. मी ती आणखी थोडी पुढं ओढतो. निम्मा वाफा देणाऱ्या माणसाची टोपी आहे ती.