दादाच्या एप्रनवरची सही

तेलाने पुसली जाणारी शाई मी तेल मुरलेल्या चामड्यावर वापरली. तीही स्वतःच्या खिशातून काढून, आग्रहाने.

एखाद्या शाळामास्तराने हे केलं असतं तर त्याला माफ करता आलं असतं. मी महाळुंग्याला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. गेली वीस वर्षं पार्ट हातात घ्यायचा, मापं बघायची, बरोबर असला तर निळ्या मार्करने टिक करायची. हा मार्कर मुद्दाम असा मागवलेला असतो की पुढे पॅकिंगला, पार्ट गंजू नये म्हणून तेल लावलं की टिक आपोआप निघून जावी. गिऱ्हाइकाला आपल्या मालावर आमची चित्रकला नको असते. 'तेलाचा हात फिरला की मार्क गेला' हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो. जरा छाती काढून शिकवतो.

सही मला नको होती, माझ्या मोठ्या भावाला हवी होती. दादा माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. लातूरकडच्या आमच्या गावातून तो आधी भोसरीत आला, फोर्जिंगच्या हॅमरवर लागला आणि मग मला शिकायला घेऊन आला. एका खोलीत तो, वहिनी आणि मी. घरमालकाचा टीव्ही आम्हाला खिडकीतून दिसायचा आणि त्यावर ती परदेशी कुस्ती लागायची, रंगीत चड्ड्यांची, खुर्च्या डोक्यात घालायची. त्यात एक पैलवान चामड्याचा एप्रन घालून, खांद्यावर भलामोठा घण टाकून यायचा. त्याच्या इंग्रजी नावाला आमची जीभ वळत नसे, म्हणून आम्ही त्याला घणवाला म्हणायचो. दादा स्वतः दिवसभर तसलाच एप्रन बांधून लालबुंद लोखंडापुढे उभा असायचा. घणवाला त्याला आपल्याच शिफ्टचा वाटायचा.

मी तेव्हा आठवीत होतो आणि जगातलं सगळं मला कळून चुकलं होतं. "दादा, खोटं असतं हे. आधीच ठरलेलं असतं."

दादा खिडकीवरची नजर न काढता म्हणायचा, "ठरलेलं असंल. पण पडायलाय ते तर खरंच पडायलाय का न्हाई?"

हा वाद आम्ही जवळजवळ तीस वर्षं चालवला.

यंदा मे महिन्यात दादाचा नोकरीतला शेवटचा आठवडा होता. गुरुवारी टेम्पो येणार, सामान भरणार आणि दादा-वहिनी कायमचे गावाला जाणार, असं ठरलेलं. हॅमरच्या दणक्यांनी दादाचे कान गेलेत, म्हणून कंपनीने शेवटचं वर्ष त्याला स्टोअरला बसवलं होतं. तिथल्या साहेबाने त्याचा जुना एप्रन "घेऊन जा, आम्हाला काय करायचाय" म्हणून देऊन टाकला. तो टांगायला दादाने गावाकडच्या घराच्या ओसरीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. आणि नेमकी त्याच आठवड्यात पुतण्याच्या मोबाईलवर जाहिरात आली. कुस्तीच्या चाहत्यांचं कन्व्हेन्शन, चिंचवडला, रविवारी. जुने पैलवान येणार, सह्या देणार, फोटो काढून देणार. त्यात घणवाला.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. रविवारी जगाला सुट्टी आणि आम्हाला शिफ्ट. मी रजा टाकली. दादा शेवटच्या आठवड्यात रजा टाकणाऱ्यातला नाही. त्याने एप्रन घडी करून माझ्या हातात दिला.

"ह्याच्यावर घे सही. दुसरं काय नगं."

ज्याने मला वाढवलं, शिकवलं, त्याने मला आयुष्यात काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. मी म्हणालो, "दादा, तू टेन्शनच घेऊ नकोस." माझ्या तोंडून हे वाक्य निघालं की वहिनी देव्हाऱ्याकडे बघते. तसं तिने बघितलं.

कन्व्हेन्शनचा हॉल म्हणजे एक एसी मंगल कार्यालय निघालं. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची कमान तशीच होती, 'शुभविवाह' अर्धा झाकून वर पैलवानांचा बॅनर ताणला होता. आत स्टेजवर नवरा-नवरीच्या त्या सोनेरी सिंहासनांवर पैलवान बसलेले आणि खाली लोकांची रांग. हातात आहेराची पाकिटं तेवढी नव्हती.

दारावर सिक्युरिटीवाल्याने पिशवी अडवली. "बॅग अलाऊड नहीं." मग आतला एप्रन काढला, नाकाजवळ नेला आणि लगेच लांब धरला. "ये क्या है चाचा? चिकन का दुकान है क्या?"

पिशवी बाहेर ठेवावी लागली. एप्रन हातावर टाकला तर नव्या शर्टाला तेल लागणार, काखेत धरला तर पुन्हा तेच. शेवटी मी तो सरळ गळ्यात घातला आणि मागे नाड्या बांधल्या. पायात कंपनीचे सेफ्टी शूज होतेच, कारण माझ्याकडे धड दुसरे बूट नाहीत.

आत चार पावलं टाकतो न टाकतो तोच, खांद्यावर चॅम्पियनचे प्लॅस्टिकचे सोनेरी पट्टे टाकलेलं हिंजवडीच्या आयटीवाल्या पोरांचं एक टोळकं माझ्याकडे बघून घणवाल्याच्या इंग्रजी नावाने ओरडलं.

"काका, कसला भारी गेटअप केलाय! एप्रन कुठून शिवून घेतला?"

मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "ओरिजिनल आहे," आणि पोट आत घेतलं.

मग सेल्फी सुरू झाले. आधी ते टोळकं, मग दुसरं, मग कोणाची तरी मावशी. घण नाही म्हणून एकाने कोपऱ्यातला फरशी पुसायचा मॉप आणून माझ्या खांद्यावर ठेवला. मी डोळे वटारले, गुरगुरलो. एका बाईंनी मुलाची वही पुढे केली. मी सही दिली. हो, दिली. वळणदार दिली. वीस वर्षं लोकांच्या पार्टवर टिक करतोय, माझी सही आजवर कोणी मागितली होती?

अर्ध्या तासाने, दारावर मिळालेल्या सहीच्या टोकनची आठवण झाली. हेडफोन लावलेली एक स्वयंसेवक मुलगी रांग सांभाळत होती, तिच्याकडे गेलो.

"सर, तुमचा नंबर गेला. तीनदा पुकारला. आता शेवटी उभे राहा."

"अहो मॅडम, मी इथंच तर होतो!"

"माहितीये सर. मीच तुमच्यासोबत सेल्फी काढला."

रांगेच्या शेवटी पुढचे अडीच तास गेले. एसी स्टेजकडे होता, रांग भटारखान्याकडे. गळ्यात दादाचा एप्रन, जो अंगावर घेतल्यावर कळतं की हा माणूस इतकी वर्षं काय ओढत होता. आता माझ्यासोबत फोटोही कोणाला नको होता. खरा घणवाला समोर दिसत असताना घामेजलेल्या नकल्याला कोण विचारतो? पोटात कावळे ओरडत होते आणि कँटीनला जावं तर नंबर जाईल, ही नवी अक्कल आलेली.

माझ्या मागे एक चष्मेवाला पोरगा होता, सॉफ्टवेअरमधला. त्याच्याकडे चांदीच्या रंगाचा एक पेन होता. म्हणाला, "काका, सहीसाठी पेन आहे ना? नाहीतर हा घ्या. ऑइल पेंटचा आहे, कशावरही बसतो."

मी हसलो. तज्ज्ञ माणसं हसतात तसं. खिशातून निळा मार्कर काढून दाखवला. "इंडस्ट्रियल आहे. असला बाजारात मिळत नाही."

"भारी. पण लेदर ऑइली आहे काका. कोपऱ्यावर आधी टेस्ट करून बघा ना."

"बाळा," मी म्हणालो, "मी वीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे."

त्याने नम्रपणे मान हलवली. हे सगळं आठवताना मला सगळ्यात जास्त राग त्या नम्रपणाचा येतो. त्याने माझ्या एक कानाखाली ठेवून दिली असती तर काम झालं असतं.

शेवटी स्टेजवर पोचलो. घणवाला म्हातारा झाला होता. गुडघ्यांना पट्टे, चष्म्याला दोरी, सिंहासनाच्या हातावर चहाचा कागदी कप. मी रांगेत पाठ केलेलं इंग्रजी वाक्य त्याला बघताच विरघळून गेलं. एप्रन सोडून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणालो, "माय ब्रदर. हॅमर. थर्टी इयर्स."

त्याने एप्रनवर हात फिरवला. ठिणग्यांनी पडलेल्या एका भोकात बोट घातलं. "रिअल?"

"यस सर. रिअल."

तो मोठ्याने हसला आणि भराभर काहीतरी बोलला. मी मागे बघितलं. चष्मेवाल्याने सांगितलं, "काका, तो म्हणतोय त्याचा एप्रन रेक्झिनचा होता आणि घण थर्मोकोलचा. म्हणतोय, तुमच्या भावासमोर तो दोन मिनिटं टिकला नसता."

हे दादाला सांगायचं, असं मी मनात गच्च धरून ठेवलं. इतक्यात फोटोग्राफर ओरडला. तो लग्नाचाच होता, त्याच कार्यालयाचा. "पाहुणे, एप्रन दोघांनी धरा! वर! अजून वर! हां, एकदम मस्त!" फोटो निघाला. मग घणवाल्याने हात पुढे केला. टेबलावर आयोजकांचे पेन होते, मागे चांदीचा पेन होता. मी त्याच्या हातात माझा मार्कर दिला. त्याने एप्रनच्या छातीवर आडवी, हातभर सही ठोकली. निळीशार. मी त्या पोराकडे विजयी नजरेने बघितलं.

खाली फोटोची प्रिंट लगेच मिळाली. त्यात हसरा घणवाला होता, मधोमध कोरा एप्रन होता आणि एप्रनच्या खाली सेफ्टी शूज घातलेले दोन पाय होते. माझा चेहरा एप्रनमागे गेला होता. म्हटलं जाऊ दे, सही तर आहे.

सहीला धूळ लागू नये म्हणून ती आत ठेवून घडी घातली आणि एप्रन स्कूटरच्या डिकीत दाबला. मे महिन्यातली दुपार, नाशिक फाट्याचं ट्रॅफिक, खाली तापलेलं इंजिन. भोसरीत शिरता शिरता एका टपरीवर चहाला थांबलो आणि सही परत एकदा बघावी म्हणून घडी उघडली. तीस वर्षांचं तेल चामड्यातून वर आलं होतं. सहीच्या जागी एक फिकट निळा ढग होता आणि घडीच्या दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा. बोट लावलं, बोट निळं. तेलाचा हात फिरला की मार्क गेला. वाक्य माझंच, आवाजही माझाच ऐकू आला.

खोटं कशाला बोलू, शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी पक्क्या शाईचा मार्कर घेतला आणि सही स्वतः करायला बसलो. सकाळी सराव झालाच होता. पण तेलावर तो मार्कर नुसता घसरत राहिला, एक रेघ उमटली नाही. लबाडी करायची तर तीही धड जमेना. चहावाला म्हणाला, "राव, चहाचं पाणी झालं."

दादा शिफ्ट संपवून चाळीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. आंघोळ झालेली, शर्ट बदललेला. सही बघायची म्हणून शर्ट बदललेला. मी एप्रन दिला. त्याने मांडीवर पसरला, चष्मा लावला, एका बाजूने बघितलं, मग उलटवून बघितलं.

"कुटं हाय?"

"पुसली गेली, दादा."

"काय?" त्याने कानामागे हात धरला.

"सही! पुसली! तेलानं!"

समोरच्या गॅलरीत दोन बायका बाहेर आल्या. वहिनी दारात येऊन उभी राहिली. माझा कबुलीजबाब आता सगळ्या चाळीसाठी होता.

"तेलानं पुसणारी शाई कशाला घेतलास?"

"कंपनीचा मार्कर होता!"

"तिथं दुसरा पेन नव्हता व्हय?"

"होता!"

एवढं एकच उत्तर त्याला पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. मी घाईघाईने फोटो पुढे केला. तो त्याने बराच वेळ बघितला. "हे बूट कुणाचे?"

"माझे!" मी ओरडलो. आणि मग जे काही वाचवता येईल ते वाचवावं म्हणून रेक्झिनचा एप्रन, थर्मोकोलचा घण, दोन मिनिटं टिकला नसता, सगळं ओरडून सांगितलं. वर जुनी खोड म्हणून हेही म्हणालो, "बघ, मी म्हणत होतो ना, खोटं असतं!"

दादाने त्या निळ्या डागावरून अंगठा फिरवला, अंगठा बघितला, एप्रनला पुसला. मग घडी घालून वहिनीच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळला.

"त्या माणसानं जन्मभर खोटाखोटा घण मारला, कुणाचं काय नुकसान झालं न्हाई. तू बी लेका उद्यापासनं कंपनीत खोटंखोटंच कामाला जात जा."