समासातला शेरा

मागच्या आठवड्यात वाचनालयातून एका विधवेचं आत्मचरित्र आणलं. चाळिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'किती रडते ही बाई. कंटाळा आला.' अक्षर माझंच, नवी नवरी असतानाचं. तेव्हा मी पुस्तकांना शेरे देत असे, जणू शाळा तपासायला निघालेली साहेबीणच. पुस्तकावर मत देताना माणूस स्वतःचं वयच लिहून ठेवतो की काय, कोण जाणे.

त्याखाली सासूबाईंचं बारीक अक्षर होतं, 'तुला हे कधी न कळो.' तिशीत नवरा गेलेल्या सासूबाई मला त्याबद्दल तोंडाने एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आमचे हे जाऊन आता चार महिने झाले. नातीकडून खोडरबर मागून घेतलं आणि माझी ओळ खोडली. सासूबाईंचा आशीर्वाद फळला नाही, तरी तो तसाच ठेवला.